दोन आटे

वस्तादांच्या रक्षाविसर्जनाला मिलिंद आला नाही.

संग्राम आला होता. कारखान्यातली चार माणसं घेऊन आला, घाटाच्या पायऱ्यांवर शेवटपर्यंत अनवाणी उभा राहिला आणि जाताना वस्तादांच्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडून रडलाही. मग घाटावरच तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, मिलिंदला कळवलं न्हाई का कुणी?" मलाच विचारायचं कारण असं, की वस्तादांच्या रेसिंग टीममध्ये कोण कधी किती सेकंदांनी पुढे होता हे सगळं माझ्या वहीत आहे, तेव्हा हेही असणार. मी म्हणाले, "कळवलंय. का आला नाही ते मला माहीत नाही." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं बोलले त्याला आता दीड वर्ष होईल, आणि तेव्हापासून वस्ताद माझा पिच्छा सोडायला तयार नाहीत. भाजी निवडताना, जुने कागद चाळताना एकदम पाठीमागून "बाई, वेळ सांगा" असं ऐकू येतं, आणि मी खरोखर वळून बघते.

शामराव हे त्यांचं नाव आधारकार्डावर होतं. बाकी कोल्हापुरात उचगावापासून उद्यमनगरापर्यंत सगळे त्यांना वस्तादच म्हणत. ते नाव कुस्तीतून आलं की लेथवरून, यावर मतभेद होते. तरुणपणी ते तालमीत होते. दोन्ही कान मोडून घट्ट झालेले होते आणि मान अशी, की शर्टाचं वरचं बटण त्यांनी जन्मात लावलं नसेल. तालीम सुटल्यावर लेथवर बसले, लेथवरून इंजिनात शिरले, आणि मी त्यांना पाहिलं तेव्हा साठीच्या आसपासचा हा माणूस उचगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन फॉर्म्युला गाड्या सांभाळत होता.

फॉर्म्युला म्हटलं की लोकांना टीव्हीवरच्या परदेशी गाड्या आठवतात. आमच्या गाड्या त्यांच्या फार लांबच्या आणि गरीब नातेवाईक. एकाच माणसाची बैठक, उघडी चाकं आणि पाठीमागे बाजारात मिळणाऱ्या साध्या चारचाकीचं इंजिन. शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, हा नाद होता. त्यांचा पुतण्या संग्राम अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होता आणि भौतिकशास्त्रात जेमतेम काठावर पास झाला होता. ते काठावर पास करणं माझंच कर्तृत्व आहे असा मालकांचा समज झाला. काही वर्षांनी त्यांनी टीम काढली तेव्हा त्यांना वेळा नोंदवायला कुणीतरी चोख माणूस हवा होता, आणि "बाईंचं काम चोख असतंय" म्हणून त्यांनी मला बोलावलं. चोख म्हटलं की मी कुठेही जाते, हा माझा स्वभाव आहे आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच.

पहिल्या दिवशी शेडच्या दारात वस्तादांनी मला थांबवलं. "चपला भाईर." मी म्हटलं, हे गॅरेज आहे ना? ते म्हणाले, "व्हय की. म्हणूनच." शेड ते स्वतः झाडत. आत तेलाचा एक डाग राहू देत नसत आणि आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत. मग माझी परीक्षा झाली. हायवेच्या कडेला नेऊन विजेचे दोन खांब दाखवले आणि म्हणाले, "ह्या खांबापासनं त्या खांबापातुर गाडी किती येळात जाती, सांगा." मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले आणि ते शेजारी उकिडवे बसून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत राहिले. उसाचे ट्रॅक्टर, वडापच्या जीपा, एसट्या, सगळ्यांच्या वेळा घेतल्या. एका कुत्र्याचीसुद्धा घेतली. दोन तासांनी उठले आणि म्हणाले, "चालतंय. तुमचा हात खोटं बोलत न्हाई." तुम्ही काय मोजत होता असं मी विचारलं, तर बैठका. तालमीत रोज हजार बैठका एका लयीत मारलेल्या माणसाच्या अंगात घड्याळ बसतं म्हणे. माझ्या घड्याळात आणि त्यांच्या पुटपुटण्यात अर्ध्या सेकंदाच्या वर फरक आला नव्हता, हे मला नंतर बरीच वर्षं टोचत राहिलं.

शर्यतीत आयोजकांचं मशीन असायचंच, पण वस्तादांना मशीनचं कौतुक नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर मान न वळवता म्हणायचे, "बाई, वेळ सांगा." मी सांगायची आणि वहीत लिहायची. दोन रकाने, एक संग्रामचा, एक मिलिंदचा.

मिलिंद जयसिंगपूरचा. वडील शिक्षक, आई नर्स. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या घरात शिकायचं वेड होतं. गाडी पळवायचं वेड मात्र मिलिंदनेच आणलं. कुठल्याशा गो-कार्टच्या स्पर्धेत त्याने संग्रामला मागे टाकलं होतं, म्हणून मालकांनी त्यालाच टीममध्ये घेतलं. माणूस कमी बोलायचा, सगळं डोळ्यांनी करायचा. संग्राम त्याच्या उलट. शंभर गोष्टी बोलायचा, त्यातल्या नव्वद स्वतःबद्दल, पण मनाने साफ.

शर्यतीत गाड्या वीस-बावीस असतात, पण प्रत्येकाचा खरा वैरी एकच असतो, आपल्याच टीममधला. बाकीच्यांनी हरवलं तर त्यांची गाडी चांगली होती असं म्हणून घरी जाऊन जेवता येतं. टीममधल्या जोडीदाराने हरवलं तर काय म्हणणार? गाडी तीच, इंजिन तेच, वस्ताद तेच. उरतो तो आपण. म्हणून ही दोन पोरं एकमेकांवर जी नजर ठेवून असत, तशी मी सख्ख्या जावांमध्येसुद्धा पाहिली नाही. फेरी संपवून आले की दोघेही आधी दुसऱ्याची वेळ विचारायचे. स्वतःची नंतर.

आणि वस्तादांचा सगळा जीव त्या दोन गाड्या सारख्या ठेवण्यात. एका गाडीला नवा पट्टा बसला की दुसरीचा चांगला असला तरी काढून नवा. एकच पाना दोन्ही गाड्यांना. शेडमध्ये एक डावीकडे आणि एक उजवीकडे उभी असायची, तर प्रत्येक राउंडनंतर जागा बदलायच्या, म्हणजे एकीला दारातलं ऊन जास्त लागलं असं व्हायला नको. शेडमध्ये कुणालाही नावाने हाक मारत नसत, कारण मग कुणाचं तरी नाव आधी घ्यावं लागणार. एकदा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर दोघांना घेऊन गेले. म्हैस तिथेच उभी होती. दूधवाल्याने संग्रामचा पेला आधी भरला, तर यांनी तो त्याला उचलू दिला नाही. दुसरा भरेपर्यंत हात आडवा धरून उभे. "आता घ्या." दूधवाला म्हणाला, "वस्ताद, लग्न लावताय का दोघांचं?" हसले नाहीत. या बाबतीत त्यांना विनोद कळत नसे.

त्या वर्षी मोसमात सहा राउंड होते. पहिलाच राउंड दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर. एका वळणात दोघं शेजारी-शेजारी शिरले. एकाने तरी आधी ब्रेक मारायला हवा होता. कुणीच मारला नाही. चाकात चाक अडकलं आणि दोन्ही गाड्या वाळूत. मिलिंदचं मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. दोघं हेल्मेट काढून एकमेकांच्या अंगावर धावले, मालक ओरडले, नेहमीचं सगळं झालं. मी वस्तादांना शोधलं तर ते टेम्पोच्या मागे उकिडवे बसलेले. गाड्यांकडे पाठ करून. या माणसाने गाडीकडे पाठ केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर त्यांनी मला म्हादूची गोष्ट सांगितली. म्हादू त्यांचा तालमीतला जोडीदार.

"एका तालमीतली जोड फडात लावत न्हाईत, बाई. रीतच न्हाई. एका हौद्यात घाम गाळायचा आणि मैदानात एकमेकाला पाडायचं? पण त्या जत्रंत एक पैलवान आलाच न्हाई, आणि पंचांनी आयत्या येळंला म्हादूला आणि मला हुबं केलं. पब्लिक वराडत हुतं. आमच्या वस्तादांनी न्हाई म्हणायला पायजे हुतं. ते गप बसलं."

"मग?"

"मी चीत केला त्येला. मला त्येचं सगळं ठावं हुतं की. कुठल्या पायावर भार देतुय, कवा दमतुय. त्येनंच मला शिकवल्याला डाव त्येच्यावर घातला."

"लागलं का त्यांना?"

"हाड मोडलं असतं तर बशिवलं असतं. त्यो उठला, अंग झाडलं आणि गेला. परत तालमीत आला न्हाई. गावात दिसायचा, वळख देत नव्हता. त्येचा लंगोट दोन वर्सं खुंटीवर तसाच हुता. काढायचं धाडस कुणाला झालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले. म्हणाले, दोघांत पुढं कुणी आणि मागं कुणी, ते तुम्ही ठरवून द्या. मालक हसले. "वस्ताद, तालमीचं तालमीत. हितं दोघं एकमेकाला भिडल्याबिगर कुणीच पुढं जात न्हाई." वस्ताद तिथून निघाले. उंबऱ्याला हात लावून शेडमध्ये गेले.

आणि नवल म्हणजे त्यानंतर सगळं निवळलं. दुसऱ्या राउंडला संग्राम चांगल्या अंतराने पुढे आला. तिसऱ्याला मिलिंद. चौथ्याला पुन्हा संग्राम, पाचव्याला मिलिंद. कधी एकमेकांच्या शेजारी आलेच नाहीत, मग धडकणार कुठून? मालक खूश, वस्तादांनी पोरांना काय समजावलं कोण जाणे म्हणून सगळे त्यांचं कौतुक करू लागले. मी भौतिकशास्त्राची. मला कौतुकावर थांबता येत नाही, कारण लागतं. वहीतले आकडे लावून बसले आणि सिद्धांत काढला. जो जिंकतो तो पुढच्या वेळी सैल पडतो, जो हरतो तो पेटून उठतो. आकड्यांशी अगदी तंतोतंत जुळत होता. तो मी मिलिंदला समजावून सांगितला, कागदावर आलेख काढून. "तू जिंकलास की सैल पडतोस, मिलिंद. तुझा वैरी संग्राम नाही." त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. तो कागद आठवला की अजून मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

सहावा राउंड शेवटचा. परदेशातल्या एका टीमची माणसं बघायला येणार होती आणि आमच्या दोघांपैकी एकाला वर्षभरासाठी घेऊन जाणार होती. दोघांचे गुण बरोबरीत, तेव्हा त्या दिवशी जो पुढे, तो. संग्रामला नाही जमलं तर फौंड्री होती, काका होते, पुढच्या वर्षाची गाडी होती. मिलिंदला हेच एक दार होतं. वडिलांनी त्याला एकाच वर्षाची मुदत दिली होती आणि ती संपत आली होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आधीचा राउंड मिलिंद जिंकला होता, म्हणजे माझ्या सिद्धांताप्रमाणे आता तो सैल पडणार. म्हणून त्याने तो महिना सैल पडायचं नाही असा चंगच बांधला. रोज पळायचा, गोड सोडलं, फोन बंद करून ठेवला. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळा ट्रॅक पायी चालून आला. आणि शर्यतीत पंधरा फेऱ्या त्याने अशा मारल्या की वहीत एकाखाली एक सारखेच आकडे. एवढी एकसारखी गाडी मी कुणाची पाहिली नाही. तरीही संग्राम सहा सेकंदांनी पुढे होता. संग्राम पहिला, मिलिंद तिसरा.

गाडीतून उतरून तो माझ्याकडे आला. "मॅडम, वही दाखवा." बराच वेळ रकाना बघत राहिला. मग म्हणाला, "सरळ पट्ट्यावरसुद्धा मागं पडत होतो. म्हणजे वळणातून बाहेर पडतानाच मी कमी पडत असणार. आज सैल नव्हतो मी, मॅडम. आज होतं तेवढं सगळं काढलं." वही बंद करून माझ्या हातात दिली. "म्हणजे एवढंच आहे माझ्यात." वस्ताद तिथून चार पावलांवर होते. पाना पुसत होते. मिलिंद त्यांच्या पाया पडला आणि बॅग घेऊन गेला, तो परत शेडमध्ये आला नाही.

संग्राम वर्षभर बाहेर जाऊन आला. तिथे त्याचं काही जमलं नाही. आला आणि फौंड्री बघू लागला. मालकांचा नाद ओसरला, शेड भाड्याने गेली. मी निवृत्त झाले. वस्ताद कधी रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, थांबायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारा विसरला आपल्याला.

आठेक वर्षांनी एका दुपारी ते माझ्या दारात. चपला बाहेर काढलेल्या. डॉक्टरांनी हृदय कमजोर आहे असं सांगितलं होतं. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले. "बाई, ती वही हाय का अजून?"

"आहे. का हो?"

मग त्यांनी सांगितलं. गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बोल्ट असतो. पेडल किती खाली जाईल ते त्यावर ठरतं. पायाला काही कळत नाही, पेडल टेकलं म्हणजे गाडी पूर्ण मोकळी सुटली असंच वाटतं. तो बोल्ट वस्तादांनी दोन आटे वर काढला. एका राउंडला एकाचा, पुढच्या राउंडला दुसऱ्याचा. पहिली पाळी कुणाची यासाठी चिठ्ठी टाकली होती, अंबाबाईसमोर. चिठ्ठी मिलिंदची निघाली. फेरीमागे अर्धा सेकंद. तेवढ्याने एक पुढे राहायचा, एक मागे, आणि दोघं एका वळणात कधी यायचे नाहीत.

मला आधी राग आला तो माझ्या सिद्धांताचा. मग त्यांचा आला, आणि चांगलाच आला. "शेवटच्या राउंडला पाळी कुणाची होती, ते मला सांगू नका," मी म्हणाले. "मला कळलंय. काय लागलं होतं पणाला, हे माहीत होतं ना तुम्हाला? मोडायची होती त्या दिवशी पाळी."

"मोडली असती तर मी एकाला निवडला असता की. वस्तादानं निवडायचं नसतं."

"मग दोघांचेही बोल्ट होते तसेच सोडायचे होते."

"आणि त्येंचा म्हादू झाला असता तर?"

"उरले होते पाच राउंड, वस्ताद. पाच दोघांत सारखे वाटता येत नाहीत. पहिलीतल्या पोराला कळेल. मिलिंदच्या वाट्याला तीन आले."

त्यांनी बोटांवर पाच मोजले. मग म्हणाले, "पुढच्या वर्साची पयली पाळी संग्रामला लावणार हुतो. फिट्टंफाट झाली असती." आणि जरा थांबून, "त्येला पुढचं वर्स न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या. मी आपला दोघंबी सारखं म्हणूनच धरून चाललो."

मला या माणसाला धक्के मारून घालवून द्यावंसंही वाटत होतं आणि पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही. "त्याला सांगायला हवं," मी म्हणाले. ते म्हणाले, "त्येच्यासाठीच आलोय. एकट्याच्यानं हुईना." दोन दिवसांनी आम्ही एसटीने जयसिंगपूरला गेलो. वही मी पिशवीत टाकली होती. कशाला, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

मिलिंदचं टायरचं दुकान आहे, कोल्हापूर रस्त्यावर. चाकं काढून जोडून देतो, अलाइनमेंट करतो. थोडा जाड झाला होता, चष्मा लागला होता, चेहरा मात्र असा निवांत, की मी त्याला तसा कधीच पाहिला नव्हता. धावत आला आणि वस्तादांच्या पाया पडला. बायकोला आतून बोलावलं. ती शाळेत शिकवते. "हेच आमचे वस्ताद," तो तिला म्हणाला, "आणि या मॅडम." चहा आला. आम्ही काही बोलायच्या आत तोच बोलू लागला.

"वस्ताद, किती दिवस सांगायचं होतं तुम्हाला. बाकीच्या टीममध्ये पोरं अजून कण्हत बसल्यात, आमची गाडी बरोबर नव्हती, आमच्यावर अन्याय झाला. मला तसलं कायच न्हाई. तुम्ही दोन्ही गाड्या सारख्या ठेवल्या, म्हणून मला माझं माप कळलं. येळेत कळलं. न्हाईतर आयुष्यभर भ्रमात राहिलो असतो."

वस्तादांचा कप हातातच राहिला. मला वाटलं, आता हा माणूस काही बोलणार नाही. आणि खरं सांगते, बोलू नये असंही वाटलं. पण ते बोलले. सगळं सांगितलं, बोल्ट, चिठ्ठी, पाळी, शेवटचा राउंड. मान खाली घालून, एकही शब्द न वगळता.

मिलिंद हसला. "वस्ताद, माझ्यासाठी एवढ्या लांबनं येऊन खोटं बोलताय व्हय? मला बरं वाटावं म्हणून? मला काय वाईट वाटत न्हाई आता." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, माणूस कसाय. पेला आधी भरला तर थांबवायचे. ते बोल्ट फिरवतील?" तीही हसली.

खरं बोलून झालं होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. त्यांच्या आयुष्यभराच्या सचोटीनेच त्यांचं तोंड बंद केलं होतं. तिथेच ते संपलं असतं. आम्ही चहा संपवून उठलो असतो, वस्तादांचं मन मोकळं झालं असतं, मिलिंद होता तसा राहिला असता. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, सांगा की त्येला."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हातारा भरकटलाय अशी खूण केली असती तर आणखी बरं झालं असतं. पण मी चोख. माझी नोंद खोटी ठरते आहे असं वाटलं की मला राहवत नाही. मी पिशवीतून वही काढली आणि त्याच्यापुढे उघडून ठेवली. पाचही राउंड बोट लावून दाखवले. हा बघ तुझा, हा त्याचा, हा परत तुझा.

तो हसत हसतच बघू लागला. तिसऱ्या पानाशी हसू गेलं. शेवटच्या शर्यतीच्या पानावर आला, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"फेरीमागं किती म्हणालात?"

"अर्धा सेकंद," वस्ताद म्हणाले.

काउंटरवरचं पेन घेऊन त्याने वहीच्या कोपऱ्यात पंधराचा गुणाकार केला. साडेसात. त्यातून सहा वजा केले. दीड. बायको त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"म्हणजे मी पुढं होतो," तो म्हणाला.

"व्हय," वस्ताद म्हणाले. "लई पुढं हुतास."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मिलिंदने वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. त्याला ओरडता आलं असतं. हात उगारला असता तरी वस्तादांनी मार खाल्ला असता, बहुतेक त्यासाठीच ते आले होते. पण तो हळू आवाजात बोलला, आणि तो आवाज मला रोज ऐकू येतो.

"मी नीट झोपत होतो, वस्ताद."

मग उठला आणि गिऱ्हाइकाकडे गेला. आम्ही निघालो तेव्हा त्याची बायको दारापर्यंत आली. तो आला नाही.

स्टँडवर कोल्हापूरची बस लागलेली होती. वस्ताद मला दारापर्यंत सोडून म्हणाले, "बाई, तुम्ही जावा. मी मागनं येतो." मी बसमध्ये चढले.  खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. अर्ध्या तासाने बस सुटली. गाव सोडताना ती त्याच रस्त्याने जाते. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे वस्ताद उभे होते, उन्हात, दोन्ही हात सरळ खाली सोडून. आत मिलिंद कुणाच्या तरी गाडीचं चाक काढत होता. त्याची पाठ रस्त्याकडे होती. बस पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले. तो वळला नाही.